आधी ग्रंथ, मग वर्ग : उस्मानिया विद्यापीठाचा धडा

वाचकहो, मुलाला उर्दू माध्यमात घालावे, मराठी माध्यमात की इंग्रजी, हा प्रश्न आपल्या समाजात घरोघरी विचारला जातो. या प्रश्नाचा एक फार मोठा प्रयोग शंभर वर्षांपूर्वी आपल्या अगदी शेजारी, हैदराबाद संस्थानात झाला. मराठवाडा त्या संस्थानाचाच भाग असल्यामुळे त्या प्रयोगाचे बरेवाईट आपल्याही वाट्याला आलेले आहे. म्हणून उस्मानिया विद्यापीठाचा इतिहास आपण नीट समजून घेतला पाहिजे.

1857 साली मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे विद्यापीठे निघाली, ती इंग्रजी माध्यमाची. विद्यार्थ्याची निम्मी शक्ती परकी भाषा कमावण्यात खर्च होई आणि विषयाचे ज्ञान मागे राही. महर्षी कर्वे यांनी 1916 साली पुण्यात महिला विद्यापीठ काढून मातृभाषेचा मार्ग दाखवला. परंतु त्यामागे राजसत्तेचे बळ नव्हते. ते बळ हैदराबादेत मिळाले. मुंबईत जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठाचे पदवीधर असलेले अकबर हैदरी हे तेव्हा निजामाच्या सेवेत होते. त्यांनी 1917 साली सविस्तर निवेदन सादर केले, आणि सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी उर्दू माध्यमाच्या विद्यापीठास मंजुरी दिली. 1918 साली विद्यापीठाची रीतसर स्थापना झाली व 1919 च्या ऑगस्टमध्ये वर्ग भरू लागले. इंग्रजीला रजा मात्र दिली नव्हती. विषय म्हणून ती प्रत्येकास सक्तीची होती.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वर्ग 1919 साली सुरू झाले. भाषांतराचे खाते, म्हणजे दारुल-तर्जुमा, 1917 सालीच सुरू झाले होते. इमारतीच्या आधी पुस्तके, असा तो क्रम होता. मौलवी अब्दुल हक यांच्या देखरेखीखाली हे काम उभे राहिले. हेच अब्दुल हक औरंगाबादला राहून अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचा कारभार पाहत आणि पुढे तेथील इंटरमीजिएट कॉलेजचे प्राचार्य झाले. ‘उमराव जान अदा’चे लेखक मिर्झा हादी रुसवा, अब्दुल माजिद दर्याबादी, कवी जोश मलीहाबादी अशी मोठी माणसे या खात्यात राबली.

काम सोपे नव्हते. इतिहासाचे भाषांतर एकवेळ होईल; पण रसायनशास्त्राचे कसे करावे? प्रत्येक शास्त्राला हजारो पारिभाषिक शब्द लागतात. ते अरबी-फारसी धातूंवरून घडवावेत, लोकांच्या तोंडातले घ्यावेत की इंग्रजीच ठेवावेत, यावर विद्वानांच्या समित्यांत वाद झडत. प्रा. वहीदुद्दीन सलीम यांनी परिभाषा घडवण्याच्या नियमांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पदार्थविज्ञानाला तबीयात, अर्थशास्त्राला मुआशियात, मानसशास्त्राला नफ्सियात हे शब्द रूढ झाले. पुढे वैद्यक आणि अभियांत्रिकीदेखील उर्दूतून शिकवण्यात आली.

याचे फळ काय मिळाले? डॉ. रझीउद्दीन सिद्दीकी यांचे उदाहरण पाहा. उस्मानियात उर्दूतून गणित शिकलेला हा तरुण केंब्रिजला गेला, जर्मनीत लाइपझिग येथे हायझेनबर्ग यांच्या हाताखाली संशोधन करून परतला आणि उस्मानियातच प्राध्यापक झाला. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले व इस्लामाबाद विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. दुसरे उदाहरण डॉ. मुहम्मद हमीदुल्लाह यांचे. उस्मानियातून कायद्याची पदवी घेऊन त्यांनी बॉन व पॅरिस येथे डॉक्टरेट मिळवली, आणि 1959 साली कुराणाचे फ्रेंच भाषांतर प्रसिद्ध केले. इतिहासकार हारून खान शेरवानी हे येथील प्राध्यापक. कामगारांचा कवी मखदूम मोहिउद्दीन हा येथलाच विद्यार्थी. देशी भाषेतून शिकलेला मुलगा जगाच्या बाजारात मागे पडतो, ही समजूत या मंडळींनी खोटी ठरवली.

परंतु या चित्राची दुसरी बाजू सांगितली नाही, तर तो इतिहास होणार नाही. संस्थानातील सुमारे निम्मी प्रजा तेलुगू बोलणारी, सुमारे चौथा हिस्सा मराठी आणि त्याखालोखाल कानडी. उर्दू मातृभाषा असलेले दहा-बारा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ज्याला मातृभाषेचे विद्यापीठ म्हटले गेले, ते बहुसंख्य प्रजेच्या दृष्टीने दुसऱ्या भाषेचेच विद्यापीठ होते. परभणीच्या किंवा बीडच्या शेतकऱ्याच्या मुलाला इंग्रजी जितकी दूरची, तितकीच दारुल-तर्जुमाची अरबीप्रचुर उर्दूही दूरची होती. जो न्याय इंग्रजीविरुद्ध मागितला, तोच तेलुगू आणि मराठीला देता आला नाही.

ही खदखद 1938 साली वर आली. वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास बंदी झाली, तेव्हा हैदराबाद आणि औरंगाबाद येथील विद्यार्थ्यांनी संप केला. शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. नागपूर विद्यापीठाने त्यांना दार उघडले, म्हणून अनेकांचे शिक्षण वाचले. संस्थान सोडून बाहेर शिकावे लागलेल्या त्या पिढीत पी. व्ही. नरसिंह राव हेही होते. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी पुढे त्यांनी तेलुगूत नेली. रामटेकमधून ते लोकसभेवर गेले आणि 1991 साली पंतप्रधान झाले.

विशेष म्हणजे विद्यापीठाच्या दगडांनी जी समज दाखवली, ती त्याच्या भाषाधोरणाला दाखवता आली नाही. बेल्जियन वास्तुविशारद यास्पार यांनी आखलेली आणि 1939 साली पूर्ण झालेली आर्ट्स कॉलेजची इमारत पाहिलीत, तर अजिंठा-वेरूळच्या धर्तीचे खांब आणि इस्लामी कमानी तेथे एकत्र नांदताना दिसतील.

सप्टेंबर 1948 मध्ये संस्थान भारतात विलीन झाले आणि उर्दूच्या जागी इंग्रजी माध्यम आले. तीस वर्षांत घडलेली परिभाषा कपाटात गेली. विद्यापीठ मात्र वाढत राहिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1950 साली औरंगाबादेत काढलेले महाविद्यालय प्रथम उस्मानियाच्याच कक्षेत होते, आणि 1953 साली याच विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट अर्पण केली. 1958 साली मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले. आज ते बाबासाहेबांचे नाव धारण करते. अंतराळवीर राकेश शर्मा, क्रिकेटपटू मोहम्मद अझरुद्दीन, आपल्या मराठी घरातले समालोचक हर्षा भोगले, 2007 साली अडोबी कंपनीची सूत्रे हाती घेतलेले शंतनु नारायण, हे सारे उस्मानियाचेच विद्यार्थी.

वाचकहो, या इतिहासातून आपण काय घ्यावे? माध्यम कोणतेही असो, केवळ शाळेच्या पाटीवर ते लिहून भागत नाही. सिद्दीकींना भाषेने तारले, कारण त्या भाषेत ग्रंथ होते, उत्तम गुरू होते आणि जोडीला इंग्रजीही पक्की होती. आपल्या उर्दू शाळांत विज्ञानाची चांगली पुस्तके व प्रयोगशाळा नसतील, तर मातृभाषेचा अभिमान मुलाच्या कामी येणार नाही. आणि ज्या इंग्रजी शाळेत मुलाला धडा कळतच नाही, तेथे भरलेली फीही वाया जाईल. आणि ज्या मुलखात आपण राहतो, त्याची भाषा म्हणजे मराठी, आपल्या मुलांना उत्तम आली पाहिजे. शेजाऱ्याच्या भाषेकडे पाठ फिरवल्याची किंमत उस्मानियाने चुकवली आहे. ती आपण पुन्हा चुकवण्याचे कारण नाही. आपली संस्था नवी खोली बांधण्याचा विचार करील, तेव्हा तिच्या ग्रंथालयाची यादी आधी तयार असावी, एवढीच अपेक्षा.