तटस्थ म्हणजे नेमकं कुठे उभं राहायचं?

तटस्थ म्हणजे तटावर उभा राहणारा. ऐकायला किती सोपं! पाण्यात दोघं झुंजताहेत, आपण काठावरून बघायचं. पण १९५३ सालच्या कोरियाबद्दल वाचल्यापासून मला हा शब्द थोडा फसवाच वाटतो.

२७ जुलै १९५३ रोजी कोरियात शस्त्रसंधी झाली. ती इतकी रखडली याचं मोठं कारण होतं युद्धकैदी. संयुक्त राष्ट्रांच्या, म्हणजे मुख्यतः अमेरिकेच्या ताब्यातले बावीस हजारांहून जास्त चिनी आणि उत्तर कोरियन कैदी मायदेशी जायला तयार नव्हते. पलीकडेही असे ३५९ जण होते, त्यांत २३ अमेरिकन. 'आमच्या माणसांना धाकात ठेवलंय' अशी दोन्हीकडची तक्रार.

मग पाच तटस्थ देशांचा आयोग नेमला. पोलंड-चेकोस्लोव्हाकिया एका बाजूला झुकलेले, स्वीडन-स्वित्झर्लंड दुसऱ्या. अध्यक्ष भारताचे जनरल थिमय्या, त्यामुळे निर्णायक मत आपलं. पहाराही एकट्या भारतीय दलाचा. त्याचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात.

स्वागत कसं झालं? दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही भारतीय जवानांना आपल्या जमिनीवर पाऊल टाकू देईनात. शेवटी इंचॉनला आलेल्या जहाजांवरून हेलिकॉप्टरनं त्यांना थेट निर्लष्करी पट्ट्यात नेलं. तिथे कैद्यांनी एका भारतीय मेजरला पकडून ठेवलं, तेव्हा थोरात स्वतः त्यांच्या तळात शिरले आणि त्याला सोडवून आणलं. हे काही काठावरून बघणं नव्हे.

प्रत्येक कैद्याला त्याच्या देशाच्या प्रतिनिधीनं समजवायचं, असं ठरलं होतं. त्यावरून इतके वाद झाले की बहुतेकांपर्यंत ते समजावणं पोचलंच नाही. मुदत संपत आल्यावर, जानेवारी १९५४ मध्ये, थिमय्यांनी कैदी जिथून आले होते तिथेच परत सोपवले. एक बाजू म्हणाली, काम अर्धवट सोडलं. दुसरी म्हणाली, त्यांना मोकळं का करत नाही?

मला वाटतं, थिमय्यांची तटस्थता इथेच दिसते. करारात नसलेला निकाल देऊन वाहवा मिळवणं अवघड नव्हतं. त्यांनी तो मोह टाळला.

आणि उरले ८८ जण. त्यांना ना हा देश हवा होता, ना तो. भारतीय दल परतताना त्यांना सोबत घेऊन आलं. पुढे कुणी ब्राझीलला गेले, कुणी अर्जेंटिनाला, काही इथेच राहिले. दोन्ही बाजूंच्या हिशोबात न बसणाऱ्या माणसांना जागा मिळाली, ती तिसऱ्याच्या घरात. मध्यस्थाची गरज कशासाठी असते, याचं याहून चांगलं उत्तर मला तरी माहीत नाही.