कोळंबीचें उसनें नांव

उपवासाच्या ताटांत बटाटा आणि रताळें शेजारीं शेजारीं वाढलीं जातात; पण 'बटाटा' हें नांव मूळचें रताळ्याचें आहे, हें फारसें कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. कॅरिबियन बेटांवरील मूळ रहिवासी रताळ्याला त्या नांवानें ओळखीत. स्पॅनिश खलाशांनीं तो शब्द उचलला, पोर्तुगीज भाषेंत तो दुसऱ्याच कंदाला चिकटला आणि तेथून मराठींत आला. लोणी व लसूण यांत परतलेल्या कोळंबीची, अमेरिकेंत 'श्रिम्प स्कॅम्पी' म्हणून प्रसिद्ध असलेल्या पदार्थाची कथा याच जातीची आहे. मात्र तिच्यामागें लाखों माणसांचें देशांतर उभें आहे.

इटालियन भाषेंत 'स्कॅम्पो' हें एकवचन व 'स्कॅम्पी' हें अनेकवचन. हा प्राणी म्हणजे कोळंबी नव्हे. तो शेवंडीच्या गोत्रांतला, सडपातळ, नारिंगी रंगाचा व लांब नांग्यांचा असून युरोपच्या समुद्रांत चिखलाच्या तळाशीं बिळें करून राहतो. स्वीडनचा शास्त्रज्ञ लिनियस यानें १७५८ सालीं त्याला दिलेल्या शास्त्रीय नांवांत नॉर्वेचा निर्देश आहे. एड्रियाटिक समुद्राकांठीं मात्र ऑलिव्हचें तेल, लसूण व पांढरी वाइन यांच्याशीं त्याची सोयरीक जुळली.

१८८० ते १९२० या काळांत सुमारें चाळीस लक्ष इटालियन अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत उतरले. त्यांतील बहुसंख्य दक्षिण इटली व सिसिली येथील गरीब शेतकरी आणि मजूर होते. गांवीं त्यांच्या चुलीवर मांस शिजे तें बहुधा सणावारींच. नव्या देशांत काम कष्टाचें आणि वस्ती दाटीची होती. तरी मांस, मासळी व लोणी हे जिन्नस आतां आटोक्यांत आले. स्कॅम्पी मात्र त्या किनाऱ्यावर सांपडत नसे. मेक्सिकोच्या आखातांत कोळंबी विपुल होती. तेव्हां इटालियन-अमेरिकन स्वयंपाकघरांत रीत जुनी राहिली आणि जिन्नस नवा आला. तेलाच्या जोडीला लोणी आलें, आणि नांव टिकलें तें मागें राहिलेल्या प्राण्याचें. १९२४ च्या कायद्यानें इटलीहून येणाऱ्यांची वाट अमेरिकेनें फार अरुंद केली, व ती राष्ट्रवार मर्यादा उठण्यास १९६५ चा कायदा यावा लागला. माणसांना अडविणें कायद्याला साधलें. त्यांच्या स्वयंपाकाची रीत मात्र परक्यांच्याही घरांत शिरली.

ती रीत दहा मिनिटांची आहे. पाव किलो कोळंबी सोलून, पाठीचा काळा धागा काढून, कोरडी पुसावी. पसरट भांड्यांत दोन चमचे लोणी व एक चमचा तेल मंद आंचेवर तापवून लसणाच्या पांच-सहा ठेचलेल्या पाकळ्या टाकाव्या. लसणाला तांबूस रंग येऊं देऊं नये. करपल्यास सर्व पदार्थ कडवटतो. मग आंच वाढवून कोळंबी एका थरांत पसरावी. दीड-दोन मिनिटांत तिचा करडा रंग नारिंगी होऊं लागतो. कारण तो नारिंगी रंग प्रथम एका प्रथिनाशीं बांधलेला असतो, आणि उष्णतेनें तो बंध सुटतांच प्रकट होतो. मग ती उलटून मिनिट-दीड मिनिट ठेवावी; अधिक ठेवल्यास चिवट होते. शेवटीं मीठ, मिरपूड व लिंबाचा रस घालून वर बारीक चिरलेली पार्स्ली पेरावी.

'श्रिम्प स्कॅम्पी' या जोडनांवाला कोणी भाषेचें अज्ञान म्हणून हंसतात. परंतु 'स्कॅम्पी'चा तेथील अर्थच बदलला आहे. तो आतां प्राण्याचा वाचक नसून शिजविण्याच्या रीतीचा वाचक आहे. ज्यांना आपला समुद्र बरोबर आणतां आला नाहीं, त्यांनीं त्यांतला एक शब्द आणला. मुंबईच्या किंवा गोव्याच्या घरांत पार्स्ली हाताशीं नसली कीं गृहिणी सहज कोथिंबीर पेरते आणि पदार्थाचें नांव मात्र तेंच ठेवते. चाळीस लक्ष माणसांच्या संसारांत जें घडलें, तेंच येथें एका चिमटीपुरतें पुन्हा घडतें.