राऊसची कोंबडी

१९०९ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत एक शेतकरी आपली कोंबडी घेऊन आला. तिच्या छातीत मोठी गाठ झाली होती. पेटन राऊस या तरुण संशोधकाने त्या गाठीचा अर्क अशा बारीक गाळणीतून गाळला, की तिच्यातून एकही पेशी पार होऊ नये. तो अर्क टोचलेल्या निरोगी कोंबड्यांनाही तशीच गाठ झाली. १९११ साली त्याने हे प्रसिद्ध केले. पण कर्करोग विषाणूमुळे होऊ शकतो, हे विद्वानांच्या गळी उतरेना. नोबेल पारितोषिक मिळण्यास १९६६ साल उजाडावे लागले. तेव्हा राऊस ८७ वर्षांचा होता!

नवल पुढेच आहे. पारितोषिकाच्या व्याख्यानात या वृद्ध संशोधकाने, कर्करोगाचे मूळ पेशीच्या जनुकांतील बदलात असावे, ही कल्पना ठामपणे फेटाळली. आणि अवघ्या दहा वर्षांनी, १९७६ साली, बिशप, वार्मस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, राऊसच्या विषाणूतील घातक जनुक, 'सार्क', मुळात निरोगी कोंबडीचेच आहे. विषाणूने ते केव्हातरी उचलले होते.

मग निरोगी पेशीत त्याचे काम काय? पेशी आपल्या मर्जीने वाढत नाही. बाहेरून आलेला निरोप तिच्या दारावरची प्रथिने घेतात व आतल्या प्रथिनांकडे हातोहात पोचवतात. फॉस्फेटचा कण चिकटवला की प्रथिन जागे होते किंवा निजते. सार्कचे प्रथिन असेच एक निरोप्या आहे, हे १९७८ च्या सुमारास कळले. त्याच्या शेपटाशी एक खिटी असते. ती लागली की ते गप्प राहते. विषाणूतल्या प्रतीत नेमके तेच शेपूट तुटलेले आहे. त्यामुळे निरोप आलेला नसतानाही 'वाढा, वाढा' हा पुकारा चालूच राहतो.

माणसाच्या कर्करोगात बहुधा असे अनेक बिघाड साचावे लागतात. परंतु रक्ताच्या एका दीर्घकालीन कर्करोगात असाच एक बेफाम निरोप्या मुख्य अपराधी ठरला, आणि त्याचे तोंड बंद करणाऱ्या इमॅटिनिब या औषधाला २००१ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. अनेक रुग्णांचे आयुष्य त्याने वाढवले.

राऊसचा प्रयोग खरा होता, त्याचा निष्कर्ष अपुरा होता. विज्ञानात प्रयोग टिकतो; तो करणाऱ्याचा शब्द प्रमाण नसतो. आपण शत्रू बाहेर शोधत होतो. तो घरचाच निघाला, आणि म्हणूनच त्याची खिटी कुठे असते, हे शोधता आले.