राणीचा वकील आणि आपला सनदी लेखापाल

झाशीच्या सिव्हिल लाइन्समधील माझ्या निवासस्थानी मध्यंतरी आयकर विभागाची नोटीस आली. विवरणपत्राचे काम मी एका करसल्लागारावर सोपविले होते. परतावा वाढावा म्हणून त्याने मी कधीही न दिलेली देणगी माझ्या नावे दाखविली होती. आयुष्यभर इतरांच्या फाइली बारकाईने वाचणाऱ्या माझ्यासारख्या अधिकाऱ्याने स्वतःचे विवरणपत्र मात्र न वाचताच मान्य केले होते. कर व्याजासह भरला; खंत राहिली. हिशेबासाठी जाणकार माणूस कसा शोधावा, या प्रश्नाचा विचार करताना याच शहराचा इतिहास आठवला.

२१ नोव्हेंबर १८५३ रोजी गंगाधरराव नेवाळकर निवर्तले आणि १८५४ मध्ये डलहौसीने झाशी खालसा केली. राणी लक्ष्मीबाईंना दरमहा पाच हजार रुपयांचा तनखा देऊ करण्यात आला. पुढे दिवंगत राजांचे कर्ज त्यातूनच वळते करण्याचा वाद उपस्थित झाला. कैफियत मांडण्यासाठी राणीने निवडला तो जॉन लँग हा सिडनीत जन्मलेला बॅरिस्टर. सैन्याला रसद पुरविणारे ठेकेदार जोतीप्रसाद यांचा कंपनी सरकारविरुद्धचा खटला त्याने १८५१ मध्ये जिंकून दिला होता. त्याला बोलावण्यासाठी राणीचे प्रमुख वकील आणि संस्थानचे माजी अर्थमंत्री असे दोघे गेले होते, असे लँगनेच लिहून ठेवले आहे. अर्थात, निवड झाली ती पूर्वीचे काम पाहून आणि जाणत्यांच्या मध्यस्थीने. निषेध नोंदवून तनखा स्वीकारावा आणि विलायतेत दाद मागावी, असा सल्ला लँगने दिला. तो किती मानायचा, हे राणीने स्वतः ठरविले. अर्ज फेटाळला गेला. परिणामही तिलाच भोगावे लागले.

दुसरा धडा पेशवाईतला. सुभ्याच्या कारभारात फडणीस आणि मुजुमदार हे दोन वेगळे दरकदार असत. एकाने लिहिलेला हिशेब दुसऱ्याच्या नजरेखालून जाई आणि मामलेदाराला त्यांना परस्पर काढता येत नसे. लिहिणारा आणि तपासणारा एकच नसावा, हे तत्त्व त्यामागे होते. माझ्या बाबतीत फडणीस होता, मुजुमदार नव्हता. ती जागा माझीच होती.

१८५७ च्या उठावाने तिजोरी रिकामी झाली, म्हणून १८६० मध्ये जेम्स विल्सन यांनी भारतात आयकर आणला. 'इकॉनॉमिस्ट' नियतकालिकाचे संस्थापक ते हेच. म्हणजे झाशीच्या रणसंग्रामाचा खर्चही आपल्या विवरणपत्राच्या पूर्वजांत मोडतो! कर आला तसा तो समजावून सांगणाराही आला. १९४९ च्या कायद्याने सनदी लेखापालांची संस्था स्थापन झाली. अधिकाऱ्यापुढे प्रतिनिधी पाठविण्याची मुभा १९६१ च्या आयकर कायद्यात होती, २०२५ च्या नव्या कायद्यातही आहे. परंतु प्रतिनिधी बोलतो आपल्या वतीने. विवरण सत्य असल्याची ग्वाही आपणच देतो.

तेव्हा घरापासून दूर राहणाऱ्या वाचकांनी काही पथ्ये पाळावीत. सनदी लेखापाल म्हणविणाऱ्याचा सदस्यत्व क्रमांक संस्थेकडे पडताळावा. त्याने दिलेल्या प्रमाणपत्रावर यूडीआयएन हा क्रमांक असतो. २०१९ पासून तो बंधनकारक आहे. परताव्याच्या टक्केवारीवर मेहनताना मागणाऱ्यापासून दूर राहावे, कारण फुगविलेल्या परताव्यात त्याचा वाटा असतो, दंडात नसतो. परदेशस्थांनी त्या वर्षीचे आपले निवासी स्थान आणि दोन्ही देशांतील करार जाणणारा माणूस शोधावा. प्रत्येक वजावटीची पावती मागावी आणि पासवर्ड स्वतःकडेच ठेवावा.

असो. यंदाचे विवरणपत्र नव्या लेखापालाने तयार केले. मी ते दोनदा वाचले आणि एक चूक सापडली. ती माझ्याच कागदांतली होती.