कॅव्हर्न क्लबच्या विटा

लिव्हरपूलच्या मॅथ्यू स्ट्रीटवर एका वखारीच्या तळघरांत १९५७ सालीं कॅव्हर्न क्लब निघाला, तो जॅझच्या शौकिनांसाठीं. रॉक म्हणजे त्यांच्या लेखीं पोरांचा धांगडधिंगा! पुढें १९६१ ते १९६३ या काळांत त्याच कोंदट, ओलसर कमानींखालीं बीटल्स मंडळींनीं सुमारें ३०० वेळां गायनवादन केलें. तरीहि १९७३ सालीं भुयारी रेल्वेच्या हवेच्या झरोक्यासाठीं वखार पाडून तळघर बुजविण्यांत आलें. गंमत ही कीं, तो झरोका कधीं झालाच नाहीं. तेथें मोटारी उभ्या राहूं लागल्या. १९८० सालीं बीटल्सपैकीं जॉन लेननची हत्या झाली आणि गांवाला चुटपुट लागली. १९८४ सालीं जुन्या हजारों विटा वापरून क्लब पुन्हां उभारला गेला. आतां पिकल्या केसांचीं माणसें तोच धांगडधिंगा ऐकावयास तिकीट काढून पायऱ्या उतरतात.