ढवळाढवळ : एका शब्दाचा इतिहास

दुसऱ्याच्या कामात नको तितके लक्ष घालण्याच्या वृत्तीला मराठीत नावांची वानवा नाही : लुडबुड, चोंबडेपणा, नसती उठाठेव, ढवळाढवळ. यांतील पहिली तीन घरगुती. ढवळाढवळ मात्र राजकारणापर्यंत पोहोचते. ढवळले की तळाचा गाळ वर येतो. इंग्रजीतील ‘मेडल’ हे क्रियापद जुन्या फ्रेंचमधून आले आणि त्याचाही मूळ अर्थ ‘मिसळणे’ असाच होता. दोन दूरच्या भाषांना जवळजवळ एकच प्रतिमा सुचावी, हे नवलच!

या शब्दाचा प्रत्यय आपल्या इतिहासाने पुरेपूर घेतला आहे. पेशवेपदासाठी रघुनाथरावांनी ६ मार्च १७७५ रोजी सुरतेस मुंबईकर इंग्रजांशी तह केला. त्यातून उद्भवलेले युद्ध १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहाने थांबले. तो घडवून आणला महादजी शिंद्यांनी, ज्यांच्याकडे आपले बुऱ्हाणपूर १७७८ मध्ये आले होते. ही मध्यस्थी होती. मध्यस्थाला दोन्ही पक्षांची संमती लागते. ढवळणाऱ्याला एकाचेच आमंत्रण पुरते.

रघुनाथरावांचे पुत्र दुसरे बाजीराव यांनी १८०२ मध्ये वसईच्या तहाने तेच आमंत्रण पुन्हा दिले. जून १८१८ मध्ये, येथून जवळच, असीरगडाच्या परिसरात ते जॉन माल्कम यांच्या स्वाधीन झाले आणि पेशवाई संपली.

आपल्या घराण्यांतील वाटणीच्या वादांत तिऱ्हाइताला बोलावण्यापूर्वी एकदा असीरगडाकडे पाहावे. परका ढवळतो हे खरे. पण त्याच्या हाती रवी देणारे बहुधा आपणच असतो.