कारणमीमांसा, शालेय सुधारणेतील

शाळेतील एखादा दोष, मग तो मुलांना वाचता न येण्याचा असो, हजेरी घटण्याचा असो वा मुलींनी मध्येच शाळा सोडण्याचा असो, दृष्टीस पडल्यावर त्यावरील उपाय आराखड्यात लिहिण्यापूर्वी, तो ज्यातून उत्पन्न होतो आणि जे दूर केल्यास तो पुन्हा सहसा उद्भवत नाही असे मूळ शोधण्याची पद्धतशीर चौकशी.

भारतात या चौकशीचे स्वाभाविक स्थान म्हणजे शाळा विकास आराखडा होय. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ यातील कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समिती स्थापन होते. तिच्यात किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. आणि कलम २२ प्रमाणे आराखडा करण्याची जबाबदारी तिच्यावर येते. आराखडा तीन वर्षांचा असून त्यात तीन वार्षिक उपयोजना असतात. मात्र त्यात पटाचा अंदाज, जादा शिक्षक, वर्गखोल्या, साहित्य आणि या सर्वांचा खर्च हीच माहिती प्रामुख्याने मागितली जात असल्यामुळे, ‘काय नाही’ याची यादी सहज सिद्ध होते व ‘कशामुळे’ हा प्रश्न दप्तराबाहेर राहतो. ग्रंथालय नाही हे वाचन कच्चे असण्याचे कारण म्हणून नोंदले जाते, पुस्तके येतात, आणि वाचन होते तेथेच राहते. कारण अभाव आणि कारण ही दोन निराळी आहेत, हा भेद कोणी केलेलाच नसतो.

ही मीमांसा महाराष्ट्राला नवी नाही. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे केलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी, कुणब्यांची व इतर गरीब वर्गांची मुले शाळेपासून दूर का राहतात याचा विचार करताना, पराकाष्ठेचे दारिद्र्य आणि गुरे राखण्यासाठी व शेतकामासाठी घराला असलेली मुलांची निकड ही कारणे स्पष्टपणे मांडली आणि म्हणूनच केवळ शाळांची संख्या वाढवून न थांबता शिष्यवृत्त्या व सहामाही किंवा वार्षिक बक्षिसे द्यावीत असा आग्रह धरला. ज्या काळी रयतेच्या अज्ञानाला दोष देऊन मोकळे होणे सर्वांनाच सोयीचे होते, त्या काळी कारणापासून उपायापर्यंत सरळ जाणारी ही मांडणी आजही आदर्श मानावी अशी आहे.

कारण बदलले की धोरण बदलते याचे दुसरे उदाहरण शिक्षणविषयक हार्टोग समितीच्या १९२९ च्या अहवालाभोवती झालेल्या वादात मिळते. १९२२-२३ मध्ये पहिल्या इयत्तेत असलेल्या दर १०० मुलांपैकी १९२५-२६ मध्ये केवळ १८ चौथीत पोहोचली, हे समितीने दाखविले. आणि निकृष्ट अध्यापन, एकशिक्षकी शाळा व अपुरी तपासणी यांकडे बोट दाखवून विस्तारापेक्षा दृढीकरणाची शिफारस केली. रा. वि. परुळेकर यांनी मात्र, ‘लिटरसी इन इंडिया’ (१९३९) हा ग्रंथ लिहिणाऱ्या अभ्यासकाला साजेल अशा आकडेवारीच्या बळावर, ‘आधी गुणवत्ता, मग विस्तार’ या भूमिकेस विरोध केला व शिक्षणाचा प्रसार हेच पहिले कर्तव्य ठरवून पाळीपद्धतीसारख्या मार्गांचा पुरस्कार केला. आकडा बोलका असला तरी कारण स्वतः सांगत नाही. ते माणसाला शोधावे लागते.

शोधाचे सर्वांत सुंदर फळ म्हणून कोसबाडची कुरणशाळा उल्लेखनीय आहे. डहाणू तालुक्यातील वारली मुले शाळेत येत नाहीत याचा विचार करताना ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांना दिसले की ही मुले गुरांमागे रानात असतात आणि त्यांच्या श्रमावाचून घर चालत नाही. तेव्हा त्यांना शाळेत ओढण्याऐवजी गुरे चरतात तेथेच शाळा नेण्यात आली. मुलांना शिकण्याचा कंटाळा नव्हता. शाळेची वेळ व जागा त्यांच्या जगण्याशी जुळत नव्हती.

पद्धतींपैकी दोन, जपानी उद्योगांतून आलेल्या, विशेष प्रचलित आहेत. टोयोटा कंपनीत रूढ झालेल्या रीतीत एकामागून एक पाच वेळा ‘का’ विचारून मुळाशी पोहोचावयाचे असते. काओरू इशिकावा यांच्या आकृतीत माशाच्या सांगाड्याप्रमाणे डोक्याच्या जागी दोष व मधल्या कण्याला जोडलेल्या बाजूच्या काट्यांवर निरनिराळी कारणे मांडली जातात. शाळेच्या बाबतीत पहिली रीत एकटी वापरणे धोक्याचे असते, कारण तेथे कारणांची साखळी एकपदरी क्वचितच असते. साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला अधिनियमाच्या अनुसूचीप्रमाणे दोन शिक्षक मिळतात. ते दोघे पाच इयत्ता सांभाळतात. त्यांपैकी एक निवडणुकीच्या कामावर गेला की सर्व वर्ग एकाच्या गळ्यात पडतात. आणि मेळघाटात पहिलीचे मूल घरी कोरकू बोलत असल्यामुळे पुस्तकातील मराठी त्याला परकी असते. या सर्वांचा मिळून परिणाम तिसरीतील वाचनावर दिसतो. त्यांतील एकच सूत्र ओढून काढल्यास बाकीची तशीच राहतात.

म्हणून खरी कसोटी प्रश्नांच्या संख्येत नसून पडताळ्यात आहे. सुचलेले कारण खरे असेल तर आणखी काय दिसले पाहिजे, हे आधी ठरवून मग हजेरीपट उघडावा. बैठकांतून वारंवार निघणारे ‘पालकांची उदासीनता’ हे कारण या कसोटीवर टिकत नाही, कारण उदासीनता खरी असती तर गैरहजेरी वर्षभर व सरसकट दिसली असती. पण बीडसारख्या जिल्ह्यांतील कित्येक हजेरीपट पाहिले तर ती दिवाळीच्या सुमारास एकदम सुरू होते, भावंडे एकाच दिवशी गैरहजर होतात, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी ती परततात. मुकादमाकडून उचल घेतलेले ऊसतोड मजुरांचे जोडपे, ज्याला व्यवहारात कोयता म्हणतात, साखर कारखान्याच्या हंगामासाठी पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात जाते व मुलांना मागे ठेवावयास कोणी नसल्यामुळे सोबत नेते. तेथे थोरली मुलगी तान्ह्याला सांभाळते. या पालकांना उदासीन म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय आहे, आणि त्यामुळे आराखड्यात लिहिले जाणारे ‘पालक प्रबोधन मेळावे’ व्यर्थ जातात.

मूळ हाती आल्यावरही उपायाची निवड उरतेच. स्थलांतर अटळ मानले तर कारखान्याच्या तळावर साखरशाळा चालवावी लागते. मुलांना सांभाळणाऱ्याचा अभाव हेच मूळ मानले तर गावी हंगामी वसतिगृह हवे, जेथे आजी-आजोबा वा नातलग यांच्याजवळ राहून मूल आपल्याच शाळेत शिकते. उचलीच्या कर्जापर्यंत चौकशी नेल्यास ती सत्य असली तरी शाळा व्यवस्थापन समितीच्या अधिकाराबाहेर जाते. अशा वेळी ते कारण गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे व पंचायत समितीकडे लेखी पाठवून, स्वतःच्या हातातील कडीवर उपाय करणे इष्ट ठरते. वसतिगृहाचा निर्णय ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघण्यापूर्वी व्हावा लागतो. त्यासाठी दसऱ्याच्या आतच समितीने घरोघर जाऊन, कोण जाणार व मागे मुलाजवळ कोण राहणार, याची यादी सिद्ध करणे आवश्यक असते.